गाणं आधी, चित्र नंतर: वांगणीपासून तलावपाळीपर्यंत

कॉलेजच्या फेस्टिवलसाठी म्युझिक व्हिडिओ करायचं ठरलं की ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही ग्रुपवर पहिला वाद लोकेशनचा होतो. कुणी तलावपाळी म्हणतं, कुणी उपवन, कुणी येऊर. कल्याणकर दुर्गाडीच्या खाडीवर अडून बसतात आणि डोंबिवलीकर फडके रोड सोडायला तयार नसतात. मग कॅमेरा कुणाचा, सामान कुणाच्या घरी ठेवायचं, वडापावचे पैसे कोण देणार, यावर शंभर मेसेज पडतात. गाण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ते आधीच तयार असतं. कुणीतरी घरी बसून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं असतं आणि सगळ्यांच्या फोनमध्ये पोचलेलं असतं.

गाणं आधी आणि चित्र नंतर, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो कधीतरी कुणीतरी शोधून काढला, हे लक्षातच येत नाही. या क्रमाने गाण्याच्या शूटिंगला मोठी मोकळीक दिली आणि त्या बदल्यात एक गोष्ट काढूनही घेतली. ती कोणती, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. सुरुवात आपल्याच लाइनवरून करू, कल्याणच्या पुढे.

वांगणीला उतरलेले 'दरोडेखोर'

बदलापूरनंतरचं स्टेशन वांगणी. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' बनवत होते तेव्हा स्टुडिओ म्हणजे दादरचा एक बंगला होता. जंगलाची, उघड्या माळाची दृश्यं तिथे घेता येणार नव्हती. म्हणून त्यांनी आपली मंडळी गाडीने वांगणीला पाठवली आणि स्वतः मागाहून जायचं ठरवलं. मंडळी संध्याकाळी उतरली आणि गावाजवळच्या देवळात मुक्कामाला गेली. सोबत राजे-सैनिकांचे पोशाख होते, तलवारी होत्या, भाले होते. गावकऱ्यांनी ते पाहिलं आणि पाटलाला खबर दिली की गावात दरोडेखोर आलेत. पाटलाने फौजदाराला कळवलं. 'आम्ही सिनेमावाले' हे सांगून उपयोग नव्हता. सिनेमा बनवणारी माणसं कशी असतात, हे तोवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. मंडळी अडकली.

फाळके पोचल्यावर त्यांनी फौजदाराला कथा सांगितली, सामान दाखवलं. तरी खात्री पटेना. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता एक प्रसंग 'शूट' करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला.

हा किस्सा मजेशीर आहे, पण शंभर वर्षांनंतरही शूटिंगच्या कागदावरची पहिली ओळ तीच आहे: इथे कॅमेरा लावायला कुणाला विचारायचं? रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथे वनखातं आलं. तलावपाळी किंवा उद्यान म्हटलं की महापालिका. आणि कथेत नकली पिस्तूल असेल तर ते गर्दीच्या जागी बाहेर काढण्याआधी वांगणीची आठवण ठेवावी. आजचे फौजदार रिकाम्या कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक बघत बसणार नाहीत.

फाळक्यांच्या सिनेमाला आवाज नव्हता. त्यामुळे वांगणीला अडचण फक्त डोळ्यांची होती: लोकांना काय दिसतं आणि ते त्याचा काय अर्थ लावतात. अठरा वर्षांनी कानांची अडचण आली, आणि तीही पुन्हा रेल्वेच्या कडेनेच.

रात्री एक ते चार

१४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. भारताचा हा पहिला बोलपट, आणि त्यात सात गाणी होती. दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांच्याकडची यंत्रणा अशी होती की चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर उमटत. नंतर आवाज बदलायची सोय नव्हती. कलाकार कॅमेऱ्यासमोर गात असताना जे काही ऐकू येईल, ते सगळं कायमचं छापलं जाई.

त्यांचा इंपीरियल स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. दिवसभर गाड्यांची ये-जा. मग काय करायचं? शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली गाडी येण्याआधी शूटिंग करायचं. बरंचसं काम रात्री एक ते चारच्या दरम्यान झालं. माइक कलाकारांच्या आसपास लपवलेले असत आणि साथीदारांना चौकटीबाहेर, पण माइकच्या टप्प्यात बसावं लागे.

ठाण्याच्या मुलामुलींना ही अडचण समजावून सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आपल्याकडेच आली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हापासून या शहरांची झोप, जेवण आणि परीक्षेचा अभ्यास सगळं गाडीच्या आवाजातच चालतं. थेट आवाज धरायची सक्ती आजही असती, तर डोंबिवलीत गाण्याचा व्हिडिओ करणं जवळजवळ अशक्य झालं असतं. शेवटची लोकल गेल्यावर जे दोन-अडीच तास उरतात, त्यात चार मिनिटांचं गाणं, तेही न चुकता.

मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः संगीतकार होते आणि तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे स्वतःची गाणी स्वतः गात. तसं करण्यावाचून पर्यायच नव्हता. ज्याला गाता येतं तोच गाण्यात दिसणार, हा त्या काळाचा नियम होता.

आवाज वेगळा, चेहरा वेगळा

हा नियम १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये मोडला. नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र' या बंगाली सिनेमात आणि त्याच्या हिंदी रूपात, 'धूप छाँव'मध्ये, गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर पडद्यावर कलाकारांच्या ओठांवर बसवलं गेलं. संगीत रायचंद बोराल यांचं होतं. आपण ज्याला प्लेबॅक म्हणतो, त्याची आपल्याकडची सुरुवात ही.

यातून तीन गोष्टी झाल्या. पहिली, कलाकाराला गाता आलंच पाहिजे ही अट गेली. दुसरी, एक गाणं शंभर तुकड्यांत चित्रित करता येऊ लागलं, कारण सगळे तुकडे जोडणारा धागा, म्हणजे ट्रॅक, आधीच हातात होता. तिसरी, शूटिंगच्या जागी शांतता असण्याची गरज संपली. कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देऊ शकत होता आणि शेजारून मालगाडी गेली तरी बिघडत नव्हतं.

मागाहून टेप आली. स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली 'नाग्रा' हा सुटसुटीत टेपरेकॉर्डर तयार केला. पुढे आपल्याकडच्या गाण्यांच्या शूटिंगमध्ये 'नाग्रा' हा शब्द इतका रुळला की गाणं वाजवणाऱ्या यंत्राचंच ते नाव झालं. डोंगरात, समुद्रावर, परदेशातल्या रस्त्यावर गाणं मोठ्याने लावायचं आणि कलाकारांनी ओठ हलवायचे. आज तुमच्या ग्रुपमधला जो मुलगा ब्लूटूथ स्पीकर घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभा असतो, तो त्या नाग्रावाल्याचाच वारसदार आहे.

आवाज आणि चेहरा वेगळे झाले तेव्हा एक अन्यायही झाला. १९४९ च्या 'महल'मधलं लता मंगेशकरांचं गाजलेलं गाणं पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. जिचा आवाज होता तिचं नावच नव्हतं. व्हिडिओच्या शेवटी नावं टाकताना 'गाणारी', 'दिसणारी' आणि 'वाजवणारे' यांना वेगवेगळी ओळ का द्यायची, याचं उत्तर या एका रेकॉर्डवर आहे.

टीव्हीवरचं सुटं गाणं

तोवर गाणं सिनेमाच्या पोटात होतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि 'छायागीत'सारख्या कार्यक्रमातून सिनेमातलं गाणं कथेपासून सुटं होऊन घरात आलं. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं, तिथे तर गाण्याच्या मागे सिनेमा असण्याचीही गरज उरली नाही. नव्वदच्या दशकात केबलमधून हे सगळं आपल्याकडे पोचलं. १९९५ च्या 'मेड इन इंडिया'नंतर अलीशा चिनॉय घराघरात माहीत झाल्या, त्यात गाण्याइतकाच त्याच्या व्हिडिओचा वाटा होता.

हे सगळं मोठ्या पैशांचं काम होतं. ते विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आलं २००८ नंतर. त्या वर्षी निकॉनचा डी-९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हे फोटो काढायचे कॅमेरे व्हिडिओही घेऊ लागले. २०१६ मध्ये जिओ आलं आणि बनवलेलं गाणं लोकांपर्यंत पोचवायचा खर्चही जवळपास शून्यावर आला. आता तर कॅमेरा खिशातच असतो.

कागदावरचं गणित

खिशात कॅमेरा असला तरी प्लॅनिंग मात्र प्लेबॅकच्या त्या जुन्याच क्रमाने चालतं. समजा, डोंबिवलीच्या चार मैत्रिणींनी स्वतः बनवलेलं चार मिनिटांचं गाणं आहे, वेग मिनिटाला शंभर ठोके. म्हणजे गाण्यात एकूण चारशे ठोके. चार-चारच्या गटाने मोजले तर शंभर आवर्तनं. आठ आवर्तनांचा एक तुकडा साधारण एकोणीस सेकंदांचा होतो. हे एकदा कागदावर उतरवलं की कळतं, आपल्याला 'गाणं' नाही, बारा-तेरा तुकडे शूट करायचे आहेत. कुठला तुकडा कुठल्या जागी, कुठल्या उजेडात, कुणाकुणाला घेऊन, याचा तक्ता म्हणजे तुमची शॉट लिस्ट. एका जागचे सगळे तुकडे एकदम उरकायचे, मग ते गाण्यात कुठेही येवोत.

ओठ जुळवण्याचं शास्त्रही समजून घेतलं तर एडिटच्या रात्री रडायची वेळ येत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये तो चौदा मीटरच पुढे सरकतो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गाणारी मुलगी तलावाच्या पायरीवर तीस मीटरवर असेल, तर तिचे ओठ दोन फ्रेम उशिरा हलणार. उपाय सोपा आहे: स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी, चौकटीबाहेर. प्रत्येक टेकच्या आधी टाळी, आणि ट्रॅकच्या सुरुवातीला चार ठोक्यांची मोजणी. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज बंद करायचा नाही. तो वापरायचा नसतो, पण एडिटमध्ये तुकडा जागेवर बसवायला तोच कामी येतो.

स्लो मोशनमध्ये ओठ कसे जुळतात, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, सेकंदाला ५० फ्रेमने शूट करायचं आणि २५ ने दाखवायचं. हालचाल निम्म्या वेगाची होते, ओठ मात्र मूळ गाण्याला बरोबर बसतात. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईला कोल्डप्लेसाठी जी गर्दी उसळली, त्यातल्या बऱ्याच जणांनी 'यलो'चा व्हिडिओ शंभरदा पाहिला असेल. पहाटेचा समुद्रकिनारा, एकटा गायक, एकच सलग शॉट. तो याच युक्तीने घेतलाय. त्यात एकही महागडी वस्तू नाही.

आणि गाणं आधी येत असेल तर हक्कही आधीच बघायला हवेत. सिनेमातलं गाणं घेतलं तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे मालक वेगळे असू शकतात. दोन महिने खपून केलेला व्हिडिओ यूट्यूबने एका मिनिटात अडवला, असं होऊ द्यायचं नसेल तर मैत्रिणीची साधी चाल बरी. ती निदान आपली असते.

मग हरवलं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. प्लेबॅकने आपल्याला शांततेच्या सक्तीतून सोडवलं. पण आवाज स्टुडिओतून येऊ लागला तेव्हा जागेचा आवाज गाण्यातून गेला. इराणींच्या माइकवर जे काही त्या खोलीत होतं ते उमटत होतं, नको असलेलंसुद्धा. आजच्या व्हिडिओत तलावपाळी दिसते, ऐकू येत नाही. आणि नुसती दिसणारी जागा बदलायला सोपी असते. पाणी, पायऱ्या, मागे धूसर दिवे: हा तलाव ठाण्यातला आहे की भोपाळमधला, काय कळणार? विद्यार्थ्यांचे कितीतरी व्हिडिओ नीटनेटके असतात, पण ते कुठल्याही गावचे असू शकतात.

हे असंच व्हायला हवं, असं मात्र नाही. प्लेबॅक आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, पुण्याला आलेल्या प्रभातने 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा सिनेमा. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते, अशी कथा. नीरा झाल्या होत्या शांता आपटे, संगीत केशवराव भोळे यांचं. या सिनेमात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. जे ऐकू येईल ते त्या प्रसंगातलंच असलं पाहिजे, घरातल्या घड्याळासकट, हा दंडक घातला. गाण्याची साथसुद्धा घरातल्या ग्रामोफोनसारख्या वस्तूतून येते. त्यामुळे नीरा कुठल्या घरात अडकलीय, हे आपल्याला डोळ्यांइतकंच कानांनीही कळतं. तंत्राने दिलेली मोकळीक हातात असताना त्यांनी ती विचार करून बाजूला ठेवली.

प्रभातचं ते आवार पुढे, १९६० मध्ये, फिल्म इन्स्टिट्यूट झालं, ज्याला आपण आज एफटीआयआय म्हणतो. म्हणजे आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी सिनेमा शिकले ते याच जागेत.

दुसरं उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांतली हळदीची आणि नाचाची गाणी आधी कॅसेटवर आली, मग व्हीसीडीवर, आता यूट्यूबवर. सिनेमावाल्यांनी या लोकांना क्वचितच नीट दाखवलं, म्हणून त्यांनी स्वतःचा कॅमेरा लावला. त्या अल्बमांना आपण कॉलेजात बसून हसलोय: झूमचा सोस, भडक रंग, एकाच स्टेपवर नाचणाऱ्या दोन रांगा. पण त्यात होडी खरी असते, जाळं खरं असतं, अंगणातला मांडव कुणाच्या तरी लग्नाचा असतो, आणि बेंजोचा आवाज ऐकला की वस्ती कुठली हे ऐकणाऱ्याला कळतं. आपण जे विसरलो, ते त्यांनी सोडलं नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी कोळीगीतं करावीत असा नाही. रॅप करा, इंडी करा, काहीही करा. प्लॅनिंगच्या तक्त्यात फक्त एक रकाना वाढवा: या जागेचा आवाज कोणता, आणि तो गाण्यात कुठे येणार? प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा दोन कडव्यांच्या मधे येऊ शकते. तलावातल्या बोटीच्या वल्ह्याचा आवाज तालात बसू शकतो. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा ढोल दोन गल्ल्यांपलीकडून ऐकला तर वेगळाच लागतो, आणि ते अंतर फोनवर पकडता येतं. 'महल'च्या त्याच गाण्यासाठी लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या, आवाजातच अंतर यावं म्हणून. त्यासाठी लागली ती चालण्यापुरती जागा आणि थोडा विचार.

शूटिंगच्या दिवशी प्रत्येक जागी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं आणि फोनवर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा. वापरला नाही तरी ठेवायचा. कारण या शहरांचा आवाज भराभर बदलतोय. चाळ पाडून टॉवर येतो तेव्हा जिन्याचा आवाज जातो, खाडीत भराव पडला की भरतीचा.

आणि मूळ फाइल्स पुसायच्या नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती, त्यातला निम्म्याहून कमी भाग आज शिल्लक आहे. 'आलम आरा'ची तर एकही प्रत उरली नाही. रात्री एक ते चार जागून धरलेला तो आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही. तुमच्या व्हिडिओला किती व्ह्यूज येतात ते पुढचं पुढे. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कच्चं शूटिंग ठेवा, फोल्डरला तारीख आणि जागेचं नाव द्या, आणि सोबत सगळ्यांच्या नावांची एक यादी टाका. स्पीकर धरून उभ्या राहिलेल्या मुलाचंसुद्धा.